उसवणचे पान

मी एक जुने संकेतस्थळ आहे. मित्रांनो, तुम्ही मला उघडाल तेव्हा मी नवे कोरे दिसेन. ते रूप अलीकडचे. आतले मी जुनेच आहे.

कपडे शिवणाऱ्यांसाठी संगणकाची एक आज्ञावली आहे. तिला अंगाची मापे सांगितली की कापड कसे कापायचे त्याचा कागदी नमुना ती छापून देते. ती कोणा एकाच्या मालकीची नाही. कोणीही ती फुकट घ्यावी, उघडून पाहावी, सुधारावी. तिच्यासाठी राबणारी माणसे दूरदूर राहतात आणि माझ्या चर्चेच्या पानावर भेटतात. तिथे खरे नाव कोणी लावत नाही. आज्ञावली लिहिणारा तो गुंडी. चित्रे काढणारी ती कॉलर. आणि मला जिने घडवले ती उसवण.

उसवण घरी शिवणकाम करायची. "असलं कसलं नाव घेतलंस गं?" असे गुंडीने एकदा विचारले होते.

"शिवण्यापेक्षा उसवण्यातच माझा जास्त वेळ जातो," तिने लिहिले. "आमच्या घरातलं माणूसच म्हणतं तसं."

मलाही तिने तसेच बांधले. बांधायचे, मोडायचे, पुन्हा बांधायचे. मी राखाडी आणि ओबडधोबड झाले, पण उभे राहिले.

माझ्यावर मदतीचे एक पान होते. आज्ञावलीला सरळ अंग तेवढे कळते. माणसांची अंगे कुठे सरळ असतात? कोणाचा एक खांदा पडलेला, कोणाच्या पाठीला पोक, कोणा बाईची एका बाजूची छाती शस्त्रक्रियेत गेलेली. अशी माणसे त्या पानावर विचारायची. नमुना कुठे वाढवायचा, कुठे कमी करायचा, हे उसवण प्रत्येकाला सांगायची. शेवटी एक ओळ ठरलेली असायची, "आधी जुन्या चादरीवर कापून बघा. चांगल्या कापडावर शहाणपण नको." लोक शिवायचे आणि अंगावर घातलेल्या कपड्याचे फोटो पाठवायचे. ते माझे चांगले दिवस होते.

मग लोक मला मोबाइलवर उघडू लागले. तिथे माझी अक्षरे मुंगीएवढी दिसत. नवे लोक दारातूनच परत जात. "हे आजोबांच्या कपाटातून काढलंय का?" असे एकाने लिहिले.

"आजीच्या," उसवणने उत्तर दिले. "आणि कपाट अजून नीट लागतं."

पण पटले तिलाही. गुंडी, कॉलर आणि ती माझ्या नव्या रूपाची योजना करू लागली. पहिल्या पानावर काय असावे, नवख्याला आधी काय दिसावे, यावर खूप वाद झाले. मला वाटले, आपले दिवस पालटले.

अडले ते मदतीच्या पानापाशी. कित्येक वर्षांची उत्तरे एकावर एक रचलेली. ती नव्या घरात मांडायची कशी?

"ते मी आवरून देते," उसवणने लिहिले. "दोन-चार दिवस जमणार नाही. आले की बसते."

त्यानंतर ती माझ्यावर काही बोलली नाही.

या लोकांची एक रीत आहे. सगळे एका वेळी भेटणार कधी? म्हणून प्रस्ताव लिहायचा आणि आठवडाभर थांबायचे. कोणी हरकत घेतली नाही, तर सगळ्यांचा होकार धरायचा. रीत वाईट नाही. तिच्यामुळेच कामे पुढे सरकतात.

बरीच वाट पाहून कॉलरने प्रस्ताव मांडला. जुने पान नेऊ नये, मदत नव्याने लिहावी. खाली तिने लिहिले, "उसवण, पान तुझं आहे. तू सांग."

उत्तर आले नाही.

"रुसली वाटतं," गुंडी म्हणाला.

"ती? ती दहा ओळी लिहून रुसेल. कामात असेल," कॉलरने लिहिले.

"मग काय, मौन म्हणजे होकार."

आठवडा संपला. मला नव्या यंत्रावर हलवले. ते पान मागे राहिले आणि भाड्याचे जुने यंत्र पुसून परत दिले गेले. माझ्या रंगांचे कौतुक झाले. मीही खूश होते.

पुढे एका आईने विचारले, "माझ्या मुलीचा एक खांदा अपघातानंतर खाली आलाय. कपडे एका बाजूला लोंबतात म्हणून ती घराबाहेर पडत नाही. यावर इथे उत्तर होतं. कुठे गेलं?"

गुंडीने हाक मारली, "अगं उसवण, आहेस कुठे? बास झालं, ये आता."

"हे तुझ्याशिवाय कोणाला येणार?" कॉलरने लिहिले.

उत्तर एका नव्या माणसाचे आले.

"मी उसवणचा नवरा. ती गेली. दवाखान्यातून घरी आलीच नाही. तिचा फोन मी चार्ज करून ठेवतो, त्यावर तुमचे निरोप दिसतात. सारख्या हाका मारताय, म्हणून सांगायला आलो."

"कधी?" गुंडीने विचारले.

"फोनवर 'पान तुझं आहे, तू सांग' असं आलं ना, त्याच्या आदल्या दिवशी. मला वाटलं, तिच्या लोकांचं काही असेल. तुम्ही उत्तरासाठी थांबलाय हे मला कळलं नाही."

मग कॉलरने लिहिले, "काका, त्या पानाची प्रत तिच्या संगणकावर असणार. प्रती तीच ठेवायची."

दुसऱ्या दिवशी तो परत आला. "उघडत नाही. पासवर्ड म्हणून तिची जन्मतारीख घातली. लग्नाची घातली. माझं नाव पण घालून बघितलं. दुरुस्तीवाला म्हणतो, आतलं सगळं पुसल्याशिवाय उघडणार नाही. मी म्हटलं, राहू दे."

"खांद्याचं ती कसं करायची, तुम्हाला काही ठाऊक आहे का हो?" त्या आईने विचारले.

"नाही हो ताई. मी नळाची कामं करतो. ती सांगत असायची. मी नुसतं हं हं करायचो."

मित्रांनो, माझे रूप खुशाल बदला. जुने झालेले बदलावेच लागते. पण आपल्यातले कोणी गप्प झाले, तर त्याचा होकार धरू नका. त्याच्या घरी कोणाला तरी विचारा. माझ्यातून हाक तेवढी जाते. ऐकायला माणूस आहे की नाही, ते मला कळत नाही.

त्या आईचा प्रश्न आजही माझ्यावर आहे. अक्षरे मोठी आहेत, मोबाइलवर नीट वाचता येतात. खाली उत्तराची जागा रिकामी आहे.