गप्प राहिलेली म्हातारी

भाचीने संगणकावरचा खेळ रचला आणि त्यातल्या विहिरीवरच्या म्हातारीला आत्याने हौसेने आवाज दिला. म्हातारी एक वाक्य बोलून थांबणार आणि खेळणाऱ्याने घागर भरली की तिथूनच पुढे बोलणार. अशा थांबत-थांबत चालणाऱ्या कामाला को-रूटीन म्हणतात. ते तयार केलं तरी आपणहून सुरू होत नाही. त्याला पहिली हाकही प्रोग्राममध्येच लिहावी लागते. शेवटच्या आवराआवरीत भाचीच्या हातून नेमकी तीच ओळ पुसली गेली.

सभागृहात खेळ दाखवला, तेव्हा म्हातारी ओठ मिटून उभी. ठेवणीतले कपडे घालून आत्या पहिल्याच रांगेत बसलेली.

"आजीबाईंनी मौन धरलंय वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

सगळ्यांदेखत चूक कबूल करायची भाचीला लाज वाटली. "आवाज होता, पण जमला नव्हता. म्हणून काढून टाकला," ती म्हणून गेली.

घरी येऊन तिने ती ओळ लिहिली, तशी म्हातारी पहिलं वाक्य बोलली आणि घागर भरताच पुढेही बोलू लागली. लॅपटॉप काखोटीला मारून भाचीने तडक आत्याचं घर गाठलं.

"आत्या, चूक माझी होती गं. तुझा आवाज छान आहे, ऐक तरी."

आत्या भाजी निवडत होती. "असू दे. माझा मेला फाटका आवाज. माझं मन राखायला एवढी धावत कशाला आलीस?"

"देवाशपथ, मन राखायला नाही सांगत."

"मी समोरच बसले होते गं," आत्या हळूच म्हणाली.

भाचीला लॅपटॉप उघडवेना.