सातवं दार उघडणार नाही

मी एक जुना स्विच आहे. दिवे लावायचं बटण नव्हे. घरातल्या संगणकांच्या तारा माझ्या आठ दारांत येऊन बसतात आणि कुणाचा निरोप कुणाकडे जायचा ते मी बघतो. मित्रांनो, माझी कीव करायला आला असाल, तर आल्या पावली परत जा.

एका कचेरीत मी नऊ वर्षं एकही रजा न घेता राबलो. "हा आहे म्हणून आपण निवांत," असं तिथला तंत्रज्ञ सांगायचा. मग नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी जुन्या सामानाच्या दुकानात, कीबोर्डांच्या ढिगाखाली झाली. तिथून ताईने मला घरी आणलं.

ताई कर्णबधिर मुलांना घरून, पडद्यावर, हातांच्या खुणांनी शिकवते. चित्र अडकलं की तिचा हात हवेत तसाच राहतो आणि मुलांना अर्धाच शब्द मिळतो. आठवड्यातून एकदा तरी घरातलं सगळं नेटवर्क ठप्प व्हायचं. ती सगळ्या तारा उपटून पुन्हा लावेपर्यंत तास संपलेला असायचा. शाळेने बजावलं होतं, आणखी एक तास बुडाला तर वर्ग दुसरीकडे देऊ. माझ्याआधीचा स्विच, एक साधा प्लास्टिकचा डबा, त्यापायी घराबाहेर गेला. दोष त्याचा नव्हता.

ताईने मला प्रत्येक दाराचे नियम घालून दिले आणि कपाटावर बसवलं. तिच्या बाबांनी नाक मुरडलं. "किती घुरघुरतंय हे भंगार."

घुरघुरतो. मला पंखा आहे. श्वास रोखून काम करणं मला जमत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताईचा तास चालू असताना बाबा फडकं घेऊन आले. नोकरीसाठी दूर गेलेल्या त्यांच्या मुलाच्या संगणकाची तार माझ्या पाचव्या दारात होती आणि तिचं दुसरं टोक लोंबकळत होतं. बाबांनी ते उचलून सातव्या दारात खोचलं. म्हणजे तार माझ्यातून निघून माझ्यातच आली. अशा वेळी निरोप गोल गोल फिरत राहतात, वाढत जातात आणि कुणालाच वाट उरत नाही. आधीचा डबा यातच गुदमरायचा, कारण त्याला नाही म्हणता येत नव्हतं. मला येतं. मी सातवं दार बंद केलं आणि पिवळा दिवा लावला.

"याचं एक भोक गेलंय," बाबा पुटपुटले आणि टोक आठव्यात खोचलं. मी आठवंही बंद केलं.

"भंगार ते भंगारच. आजच परत देतो." त्यांनी माझी विजेची वायर पकडली.

दार उघडलं असतं तर दिवा हिरवा झाला असता आणि बाबा खूश झाले असते. पण आत ताईचा हात हवेत अडकला असता. मी उघडलं नाही.

बाबांनी खोलीत डोकावून पाहिलं. ताईचे हात भराभर चालले होते. "तास होऊ दे हिचा," म्हणत त्यांनी वायर सोडली.

ताई बाहेर आली ती हसतच. "बाबा, आज एकदाही अडकलं नाही." मग तिला पिवळा दिवा दिसला. तिने मी ठेवलेली नोंद संगणकावर वाचली आणि पाचव्या दारातली तार बोटाने शेवटपर्यंत चाचपली. "ही तुम्ही लावलीत?"

"तो नोकरीला गेल्यापासून त्याची तार सुटी दिसली की बरं वाटत नाही गं. साफसफाई करताना दर वेळी लावून टाकतो."

"दर वेळी?"

बाबा खाली बसले. "म्हणजे तुझे तास मीच बुडवले."

ताईने तार काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती नीट गुंडाळली, खिशात ठेवली आणि मुलाला फोन लावला. बोलता बोलता फडक्याने माझ्या पंख्याची जाळी पुसत होते.

मित्रांनो, एवढी धूळ पुसत जा. आणि माझा दिवा पिवळा दिसला, तर मला भंगारात काढण्याआधी आपल्या हातात कुठलं टोक आहे ते बघा. मी दार उघडणार नाही.