गाळणी चहाला गेली

शेफालीला त्या दिवशी एकच गोष्ट हवी होती: आपलं यंत्र जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाला जायला हवं. अख्ख्या विंझर गावाला तिनं आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे आता हरायची सोयच नव्हती.

यंत्र म्हणजे घरचा जुना कुकर. त्याची वाफ नळीतून स्टोव्हच्या निपलात शिरायची, बारीक भोकातून सुसाट सुटायची आणि जाता जाता शेजारच्या नळीतली हवा ओढून न्यायची. मग त्या नळीचं खालचं टोक बुडवलेल्या ग्लासातलं कोकम सरबत आपोआप वर चढायचं आणि पुढच्या तोंडातून बाहेर पडायचं! तेलशुद्धीकरण कारखान्यात मोठाल्या टाक्यांतली हवा अशीच वाफेनं उपसतात. धनाजीमामा तिथंच कामाला. त्यानं बजावलं होतं, "निपलाच्या आधी जाळी पायजेच. जरासा कचरा आडकला की खेळ खलास." म्हणून तिनं झाकणाच्या आतून, नळीच्या तोंडाशी, चहाची गाळणी तारेनं बांधली होती.

निवड करायला परीक्षक शाळेत आले आणि नेमकी शाळेची चहाची गाळणी सापडेना. पांढऱ्याशुभ्र शर्टातले मुख्याध्यापक श्रीपाद सर घामाघूम होऊन धावत आले.

"शेफाली, तुझी गाळणी दे. पाहुण्यांच्या चहात पत्ती आली तर शाळेची अब्रू जाईल!"

सरांना नाही कसं म्हणायचं? शिवाय आत नुसतं पाणी. त्यात काय अडकणार? तिनं गाळणी देऊन टाकली.

परीक्षक सौदामिनी मॅडम कप घेऊनच समोर आल्या. वाफ फुसफुसली, अडखळली, बंद! सरबत जागचं हललं नाही. आणि कुकरनं सणसणीत शिट्टी दिली.

"डाळ शिजली गं, उतरव!" शेजारच्या टेबलावरून चैत्राली ओरडली. सगळी शाळा खिदळली.

शेफालीनं गॅस बंद केला, कुकर नळाखाली गार करून उघडला. आत चिंचेचा गोळा तरंगत होता, चोथा नळीत शिरलेला.

"म्याच टाकली, मघाशी झाकण उघडं व्हतं तवा," बघायला आलेली नूतनकाकी म्हणाली. "नुसतं पानी ठिवलं की कुकर काळा पडतो न्हाई का? चारचौघांत काळा कुकर कसा दिसंल?"

शेफालीचे कान तापले. मग तिनं वेणी मागं फेकली.

"मॅडम, गाळणी नसली की काय होतं ते बघितलंत. आता गाळणीसकट बघा."

"म्हणजे हे मुद्दाम केलंस?"

"न्हाई मॅडम. पण दिसलं तर खरं ना?"

मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला. शेफालीनं चहाच्या पातेल्यावरची गाळणी उचलली, धुतली, बांधली. नळी फुंकून, निपलात पिन घालून चोथा काढला. चिंच मात्र काढली नाही! आतच राहू दिली.

गॅस पेटला. वाफ सुटली ती थांबेचना. सरबत सरसर वर चढलं आणि आनंदाच्या भरात शेफाली पुढच्या तोंडाला भांडं लावायचंच विसरली. लाल फवारा थेट श्रीपाद सरांच्या छातीवर.

"अगं, माझा शर्ट!"

"सर, हलू नका," मॅडम म्हणाल्या आणि कप खाली ठेवून तो डाग निरखून बघू लागल्या. "यंत्राची निवड झाली. जिल्ह्याला हा शर्टही पाठवा. यंत्र चालतं याचा दुसरा पुरावा कुठला द्यायचा?"