फिन्लेचा दगड, गुरुनाथची दाद

बर्फावरून दगड सरकवणं हा माणसाने शोधून काढलेला सगळ्यात सभ्य उद्योग आहे. त्यात आरडाओरडा करणारा पंच नसतो, भांडण नसतं, आणि चूक झाली तर माणूस आपण होऊन सांगतो. हे वाक्य फिन्ले मॅकफीने ॲरिझोनातल्या चँडलर गावी, भर जुलैत, गुरुनाथ देवस्थळेच्या स्वयंपाकघरात उच्चारलं. बाहेर अंगणातल्या नळाला हात लावला तर भाजत होतं. ज्यांना उद्देशून हे वाक्य होतं ते तिघं गृहस्थ भडंग खात होते, आणि तिघांपैकी कुणालाही ते कळलं नाही, कारण फिन्लेचं इंग्रजी स्कॉटलंडचं होतं.

"काय म्हणाला?" अंकुरने विचारलं.

"ही सेज इट्स अ व्हेरी पोलाइट गेम," गुरुनाथची चौदा वर्षांची मुलगी शिवांगी फोनमधून डोकं न काढता म्हणाली. त्या घरात फिन्लेचं बोलणं फक्त तिला कळायचं. कसं, ते तिलाही सांगता येत नसे.

फिन्लेची कारकीर्द थोडक्यात अशी. सतराव्या वर्षी तो कर्लिंगमध्ये, म्हणजे या दगड सरकवण्याच्या खेळात, स्कॉटलंडच्या ज्युनिअर संघातून खेळला. एकोणिसाव्या वर्षी एका मोठ्या सामन्यात त्याच्या झाडूची कड सरकत्या दगडाला किंचित चाटून गेली. तेवढ्यानेही दगड बाद होतो, पण कुणीही पाहिलं नव्हतं. त्याने स्वतः सांगितलं. संघ हरला, सगळ्यांनी त्याच्या सचोटीचं तोंडभर कौतुक केलं आणि पुढच्या हंगामात दुसरा मुलगा घेतला. मग चँडलरच्या एका आइस रिंकवाल्याने 'अस्सल स्कॉटिश कोच' हवा म्हणून त्याला बोलावून घेतलं. उन्हाने हैराण झालेले लोक थंडाव्यासाठी काहीही शिकायला येतील, असा रिंकवाल्याचा होरा होता. तो खरा ठरला. लोक आले, थंड झाले आणि गेले.

उरले तिघं. गुरुनाथ मूळचा नागपूरचा, इथे चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. फिन्ले त्याच्याच गेस्टरूममध्ये, मराठी मंडळाच्या गणपतीच्या मखराशेजारी, भाड्याने राहत होता, त्यामुळे गुरुनाथला नाही म्हणता आलं नाही. अंकुर गुरुनाथच्या शब्दाखातर आला. सुशांत पुण्याचा, त्याला हा खेळ चुकीच्या पद्धतीने खेळला जातोय असं वाटलं, म्हणून तो आला.

खेळ कळायला सोपा आहे. ग्रॅनाइटचा जडशीळ दगड बर्फावरून ढकलायचा आणि तो पलीकडच्या रंगीत वर्तुळाच्या मध्याजवळ थांबावा अशी इच्छा धरायची. इच्छा कमी पडली तर दोघांनी त्याच्यापुढे पळत झाडूने बर्फ घासायचा, म्हणजे दगड जरा लांब जातो. दोन्हीकडचे सगळे दगड टाकून झाले की एक फेरी संपते, आणि मध्याच्या सगळ्यात जवळ ज्याचा दगड त्याला गुण.

"म्हणजे तुम्ही झाडता," गुरुनाथची बायको शुभा म्हणाली.

"घासतो. ते टेक्निक आहे."

"लग्नाला सोळा वर्षं झाली, या माणसाला आपल्या घरातला झाडू कुठे असतो ते माहीत नाही. आणि तिकडे भाड्याचे बूट घालून बर्फ झाडतोय! फिन्ले, पोळी घे रे अजून."

"थँक यू, काकू," फिन्ले म्हणाला. एवढं सगळ्यांना कळायचं.

घासण्याचा हुकूम कॅप्टनने द्यायचा असतो. फिन्लेचा इंग्रजी हुकूम बर्फाच्या या टोकाला पोचेपर्यंत त्याचा नुसताच आवाज उरायचा. म्हणून त्याने शिवांगीकडून "झाड!" आणि "पुरे!" हे दोन शब्द शिकून घेतले. त्याने "झाड!" म्हटलं की गुरुनाथ आणि अंकुर जिवाच्या आकांताने घासत सुटायचे. सुशांत आधी विचार करायचा.

"मला नाही वाटत गरज आहे," झाडू खांद्यावर टाकून दगडाशेजारून चालत तो म्हणायचा. "जाईल तो आपोआप."

"अरे, कॅप्टन ओरडतोय!"

"कॅप्टन लांब उभा आहे, मी दगडाजवळ आहे. फिजिक्स मला नका शिकवू, यार."

दगड वर्तुळाच्या पुष्कळ अलीकडे थांबायचा.

"बर्फ बेकार आहे," सुशांत म्हणायचा.

अशा रीतीने त्यांनी बरेच सामने गमावले. प्रत्येक वेळी, अजून दोन-तीन फेऱ्या शिल्लक असतानाच, फिन्ले हातमोजा काढून समोरच्या कॅप्टनला हात द्यायचा, आणि मग सगळे घरी जायचे. मुलावर संस्कार चांगले आहेत, असं गुरुनाथचं मत झालं होतं.

जानेवारीत त्याच रिंकवर मोठी स्पर्धा भरली. तिच्यावर फिन्लेचं पुढचं सगळं अवलंबून होतं. मिनेसोटातल्या एका नावाजलेल्या टीमला चौथा खेळाडू हवा असल्याचं त्याने ऐकलं होतं. त्याने त्यांना ईमेल पाठवली होती, उत्तर नव्हतं. हे जमलं नाही तर मार्चमध्ये परत जाऊन मामाच्या मेंढ्या सांभाळायच्या, असं मामाने कळवलं होतं. मामा मेंढ्यांचे फोटोही पाठवायचा.

"पोराचं काहीतरी मार्गी लागू दे," शुभा देवापुढे म्हणाली, आणि अंतिम सामन्याला निघताना चौघांच्या हातावर दही-साखर ठेवली. फिन्लेने ती हातमोजा घातलेल्या हातावर घेतली.

अंतिम सामन्यापर्यंत ते पोचले कसे, हे खोलात जाऊन विचारण्यात अर्थ नाही. एका संघाचं विमान बर्फामुळे अडकलं. दुसऱ्या संघातल्या दोघांना रिंकवरचा हॉट डॉग बाधला. तिसऱ्या संघाला मात्र त्यांनी खरोखर हरवलं, कारण त्या दिवशी सुशांतचा घसा बसला होता आणि वाद घालता येत नसल्याने तो मुकाट्याने घासत होता.

अंतिम सामना टुसॉनच्या संघाशी होता. त्यांचा कॅप्टन डेल, निवृत्त दंतवैद्य, मिशाळ आणि मृदू. सामना सुरू होऊन थोडा वेळ झाला, आणि अंकुरने गुरुनाथला कोपराने ढोसलं.

"काचेमागे बघ. लाल जॅकेट. मिनेसोटा!"

वरच्या मजल्यावर, प्रेक्षकांच्या काचेमागे, कॉफीचा कप घेऊन, एक पोक्त बाई बसल्या होत्या. जॅकेटवर त्याच टीमचं नाव होतं. फिन्लेने त्यांना ओळखलं. त्या टीमच्या मॅनेजर बार्ब. मुळातच गोरा असलेला फिन्ले बर्फात दिसेनासा झाला.

"ईमेलला उत्तर नाही, पण बाई स्वतः आल्या!" गुरुनाथ म्हणाला. "मोठी माणसं अशीच असतात. आता नीट घासा रे."

आणि त्यांनी नीट घासलं. सुशांतसुद्धा सांगितल्यावर लगेच घासू लागला. फक्त "हे मी माझ्या मनाने घासतोय" असं दर वेळी म्हणत होता. शेवटच्या फेरीत दोन्ही संघांचे गुण सारखे होते. डेलचा एक दगड बाकी, त्यानंतर फिन्लेचा शेवटचा. तो वर्तुळात नीट बसला की सामना खिशात.

डेलने दगड सोडला. तो दगड आळसावल्यासारखा निघाला, दोन दगडांच्या फटीतून कुणाला न दुखावता गेला, तिसऱ्याला हलकेच खांदा लावून वळला आणि बरोब्बर मध्यावर येऊन टेकला, जणू कुणी समेवर हात ठेवावा.

फिन्ले डगमगला नाही. तो खाली बसून डेलचा दगड उडवायची वाट शोधत होता, आणि ती त्याला सापडलीही होती. त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं तसं.

पण इथे गुरुनाथविषयी एक गोष्ट सांगायला हवी. मंडळाच्या गाण्याच्या बैठकीत तो पुढे बसायचा. दाद उधार ठेवायची नाही, हा त्याचा बाणा. गायकाने मनासारखी तान घेतली की तो उठायचा, जवळ जाऊन गायकाचा हात हातात घ्यायचा आणि डोळे मिटायचा. दोन गायकांनी यावर लेखी हरकतही घेतली होती.

"वा!" गुरुनाथच्या तोंडून गेलं. झाडू खाली पडला. त्याने हातमोजा काढला, कारण हातमोजा घालून दिलेली दाद ही दाद नव्हे, आणि घसरत घसरत जाऊन डेलचा हात दोन्ही हातांनी धरला. "ब्यूटिफुल, डेल! काय जागा घेतलीत!"

डेलचा चेहरा आधी गोंधळला, मग उजळला. त्याचे तिघं साथीदारही हातमोजे काढत पुढे आले. अंकुरने हात मिळवला. सुशांतने "थँक यू, थँक यू" म्हणून मिळवला. काचेमागे टाळ्या पडल्या. घड्याळ बंद झालं.

कर्लिंगमध्ये खेळ संपायच्या आत हातमोजा काढून समोरच्याला हात देण्याचा एकच अर्थ असतो: आम्ही हरलो. फिन्लेने हे पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. त्या दिवशी शिवांगी दातांच्या तारा बसवायला गेली होती.

ती आता रिंकच्या कठड्यावरून अर्धी आत वाकली होती. "बाबा! यू जस्ट गेव्ह अप! तुम्ही हरलात!"

"मी कुठे हरलो? मी दाद दिली!" गुरुनाथ फिन्लेकडे वळला. "अरे, दाद दिली रे मी, सामना नाही दिला!"

शिवांगीने हे डेलला समजावलं. डेल खरंच सभ्य माणूस. तो फिन्लेला म्हणाला, काही बिघडलं नाही, टाक तुझा दगड.

फिन्लेने आपल्या दगडाकडे पाहिलं. काचेकडे पाहिलं. मग तो काहीतरी म्हणाला आणि स्वतःचा हातमोजा काढून डेलला हात दिला.

"काय म्हणाला?"

"ही सेज, आपल्या टीमने हात दिला. दिला तो दिला."

"अरे पण मेंढ्या!" अंकुर कळवळून म्हणाला.

"इट्स ओके, काका," फिन्ले गुरुनाथला म्हणाला. हे गुरुनाथला दुभाष्याशिवाय कळलं, आणि त्याला ते मुळीच आवडलं नाही. त्याने शिवांगीला बरोबर घेतलं आणि बर्फाळ बुटांनीच तो जिना चढून काचेमागे गेला.

"मॅडम," तो धापा टाकत म्हणाला, "मिस्टेक माझी आहे. द बॉय इज प्युअर गोल्ड. समोरचा खेळा म्हणत होता, तरी खेळला नाही. असा मुलगा तुम्हाला अख्ख्या मिनेसोटात मिळणार नाही. प्लीज, टेक हिम."

बार्बबाईंनी पाय समोरच्या खुर्चीवर लांब केला होता. सगळं शांतपणे ऐकून घेऊन त्यांनी हळू आवाजात, शिवांगीकडे बघत, उत्तर दिलं.

"काय म्हणाल्या?" सवयीने गुरुनाथने विचारलं. बाई स्वच्छ इंग्रजी बोलल्या होत्या.

बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. मिनेसोटाची थंडी सोसेना म्हणून त्या बहिणीकडे उन्हात बसायला आल्या होत्या, आणि आज ऊन फार झालं म्हणून आत येऊन बसल्या होत्या. टीममधली जागा ऑगस्टमध्येच भरली होती.