नानांची निळी नळी

घेवरचंद नाना मला बनवतात, असं मी ठरवूनच टाकलं होतं. धुळ्यात डॉक्टरांकडे बारा वर्षं कंपाउंडर होतो. मधुमेहाचे रोगी एक नंबरचे चोर, हे मला कुणी शिकवायला नको होतं. जिलबी स्वतः हाणतील आणि तपासायला लघवी देतील शेजाऱ्याची!

रोज संध्याकाळी मी सायकलवर त्यांच्या घरी जाई. निळ्या औषधात लघवीचे आठ थेंब टाकून नळी उकळायची, मग इन्सुलिन टोचायचं. साखर असली की नळी विटकरी होते, नसली की निळीच राहते. नानांची वर्षभर विटकरी. मग त्यांनी आपल्याच किराणा दुकानातली मेथी भिजवून, वाटून खायला घेतली. दीड महिन्यात नळी हिरवी झाली आणि गेले आठ दिवस चक्क निळी.

"मेथीनी कमाल शे, सुकदेव," नाना म्हणायचे. "डाक्टरले सांग, सुई कमी कर."

"सांगतो," म्हणायचो, आणि डॉक्टरांना सांगायचो की सगळं पूर्वीसारखंच आहे. मेथीनं साखर उतरली तर आम्ही दवाखान्यात काय माशा मारायच्या?

अडुसष्टच्या थंडीतली ती संध्याकाळ. सायकलची चेन दोनदा पडली, उशीर झाला. नाना जैन, दिवस मावळला की अन्न नाही, पाणीसुद्धा नाही. सुईनंतर अर्ध्या तासात जेवलंच पाहिजे, हे मला पाठ होतं. नळी आजही निळी. तरी घाईघाईत जुन्याच मापानं टोचून मोकळा झालो.

नाना ताटावर बसले, दाराबाहेर बघितलं आणि उठले.

"दिन बुडना," त्यांनी हात जोडले.

"नाना, दोन घास खा! जिवावर बेतेल!"

"नेम मोडाव नही."

घटकाभरात त्यांना दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले, जीभ जड झाली. बिनखिडकीच्या मधल्या खोलीत दिवसाही बल्ब लागे; तिथं त्यांना निजवलं. राजकुंवरबाई, त्यांची बायको, मेथीची वाटी घेऊन धावत आल्या.

"साखर वाढनी व्हई!"

"मेथी नको! वाढली नाही, पार उतरलीय. साखर आणा, साखर!"

त्या जागच्या हलेनात. साखर म्हणजे नवऱ्याचं विष, आणि आता दिवसही मावळलेला. चाळीस वर्षं ह्या बाईनं उजेड असतानाच चूल विझवली होती.

"बाई, आठ दिवस नळी निळी होती. मला वाटलं, नाना फसवताहेत. डॉक्टरांना मी सांगितलंच नाही. चूक माझी आहे, पण आता साखर आणा."

त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी मान खाली घातली. मग डबाच उचलून आणला.

"पाप मनं, त्यासनं नही," म्हणत त्यांनी पाप आपल्या माथी घेतलं आणि नानांच्या गालाच्या आत बोटानं साखर चोळली. नानांनी गिळलं. पुन्हा चोळली. किती वेळ गेला कोण जाणे. मी नाडी धरून बसलो होतो.

नानांनी डोळे उघडले. जीभ ओठांवरून फिरवली.

"गोड लागस... दिन शे का आजून?"

राजकुंवरबाई जन्मात खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"शे ना, नाना," मी म्हणालो. "आजून दिन शे."

"तू म्हनस म्हंजे शे," नाना म्हणाले, आणि बाईंनी पुढे केलेली साखर घातलेल्या दुधाची वाटी त्यांनी तोंडाला लावली.