मुफीदकाकांच्या खोलीतली काठी

बाबा गेले आणि त्यानंतर त्यांची काठी आली.

त्यांनीच तैवानहून मागवली होती. मूठ फिरवली की एवढीशी बैठक उघडते, मुठीत टॉर्च, टॉर्चखाली रेडिओ. अलेक्झांड्रियाच्या बंदरातून लोकांचा माल सोडवून देण्यात बाबांचा जन्म गेला. आता त्यांचाच माल कस्टम्सच्या मुफीदकाकांच्या टेबलावर अडकून पडला होता.

"हा रेडिओ आहे," काका म्हणाले.

"काठी आहे, काका."

"पोरी, एका वस्तूत चार वस्तू असल्या तर तिचा प्राण कशात आहे ते बघायचं आणि सगळ्याला तेच नाव द्यायचं. तुझ्या बापाने हा नियम मला इतक्यांदा ऐकवलाय की माझ्या बायकोलाही पाठ आहे."

पाठ मलाही होता. पण रेडिओ ठरला तर दूरसंचार खात्याचा परवाना हवा, आणि तो ज्याने माल मागवला त्यानेच जाऊन घ्यायचा. बाबा काही जाणार नव्हते. मग काठी लिलावात. कुणीतरी अनोळखी माणूस ती टेकत समुद्रावर फिरायला जाणार. ते मला नको होतं.

"तुम्ही आणि बाबा त्या पुढे टॉर्च बसवलेल्या सपातांवरून भांडला होतात ना?" मी विचारलं.

"भांडलो? तुझ्या बापाने, वजीहने, या खोलीतला दिवा घालवला, टॉर्च बंद ठेवून सपाता पायात घातल्या आणि थेट त्या कपाटावर जाऊन आपटला. वर मलाच म्हणतो, बघ, टॉर्च बंद असली तरी चालता येतं, म्हणून ही चप्पलच!"

"मग?"

"मग काय! चप्पल म्हणून सोडल्या. कपाळावर टेंगूळ घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाशी कोण वाद घालणार?"

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, म्हणून जरा मोठ्याने आलं.

"हसू नकोस. वजीह रेडिओवरच्या मॅचशिवाय जेवायचा नाही. ही काठी त्याने रेडिओसाठीच घेतली, मी पैजेवर सांगतो."

"घरात चार रेडिओ आहेत, काका. गुडघे दोनच होते."

"गुडघ्यांना काय झालं होतं?"

"या खोलीत उभं राहून झिजले. पाहुण्याला बसवलं की तो लांबण लावतो, म्हणून तुम्ही इथे दुसरी खुर्चीच ठेवली नाहीत. काठी त्यांनी या खोलीसाठी मागवली होती."

काका उठले. मग टेबलाला वळसा घालून आले. "बघू तरी कशी उघडते."

मूठ फिरवली, बैठक उघडली. त्यांनी आधी हाताने दाबून पाहिली, मग बेताबेताने बसले. टॉर्च लावली, विझवली. रेडिओचं बटण दाबलं. आत सेल नव्हते.

"सेल नसले तरी रेडिओ तो रेडिओच," ते बसल्या बसल्या म्हणाले. तेवढ्यात चहा आला. त्यांनी पेला घेतला, पाय लांब केले आणि रेडिओ हाच प्राण कसा, हे सविस्तर समजावायला लागले. मी त्यांचा पेला संपू दिला.

"काका, तुमची खुर्ची रिकामी आहे."

त्यांनी मान वळवून पाहिलं.

"बरी आहे गं ही," ते पुटपुटले. "पाठीला जरा..."

"रेडिओवर बसून पाठीला बरं वाटतं?"

"वजीहचीच पोर!" त्यांनी टेबलावरचे कागद ओढले, मांडीवर ठेवून 'बसायची काठी' असं लिहिलं आणि शिक्का मारला. "तो असता तर दुपारच्या नमाजापर्यंत ताणलं असतं. तू फार लवकर जिंकलीस."

"मग उठा आता. नेते मी."

"थांब. माझा एक मुद्दा राहिलाय."

त्यांना मुद्दा काही आठवेना. मी आणखी दोन चहा सांगितले आणि टेबलाला वळसा घालून त्यांच्या खुर्चीत बसले.