स्टोअर आठ बाय दहा

नव्या घरातून विठाबाईला मिळायचे होते मोजून एकशेवीस चौरस फूट. दहा बाय बाराचं स्वयंपाकघर, त्याला रस्त्यावर उघडणारी खिडकी, आणि त्या खिडकीशी उभं राहून कोण कुणाकडं गेलं नि किती वेळ बसलं हे कुणालाही न विचारता कळायची सोय. बाकी घराबद्दल तिचं काही म्हणणं नव्हतं. बैठक आबारावांची, तिच्या समोरच्या भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांचा फोटो. मागची खोली मुलगा राजपाल आणि सून प्रीतीची. एक खोली म्हाताऱ्या दोघांची, जिथं एकानं घोरायचं आणि दुसरीनं जागायचं. पार्किंग होतं अजून न घेतलेल्या गाडीचं. आबाराव पाटबंधारे खात्यात नोकरीला होते. छत्तीस वर्षं विठाबाईनं सरकारी क्वार्टरच्या अशा स्वयंपाकघरांत भाकऱ्या थापल्या, की परात खाली ठेवली तर बाईनं बाहेर उभं राहावं. तेव्हा एकशेवीस फूट ही काही फार मोठी मागणी नव्हती.

कळंबला, गावाबाहेरच्या नव्या लेआउटात, तीस बाय चाळीसचा प्लॉट. इंजिनियर कृष्णराज यानं काढलेला पहिला नकाशा घरात चार दिवस हातोहात फिरला, सगळ्यांना पसंत पडला. मग आबाराव एकटेच त्याच्याकडं जाऊन आले आणि दुसरा नकाशा आला. तो त्यांनी पेपरच्या घडीत ठेवला.

"काय बदललंय?" विठाबाईनं विचारलं.

"काय न्हाय. जरा इकडं-तिकडं झालंय."

आता विठाबाई सव्वीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस होती. पोत्यातली डाळ किलोभर कमी भरली की टेम्पोवाला नेमकं हेच म्हणायचा, जरा इकडं-तिकडं झालंय. तिनं पहिला नकाशा पेटीतून काढला, दुसरा पेपरातून, आणि दोन्ही फरशीवर शेजारी शेजारी अंथरले.

तिचं स्वयंपाकघर दहा बाय नऊ झालं होतं. तीस फूट गायब. आणि त्याच्या मागं, बाजूच्या बोळाकडच्या अंगाला, पहिल्या नकाशात नसलेली एक चौकट उगवली होती. तिच्यात लिहिलं होतं : स्टोअर, आठ बाय दहा. तिला दार एकच, ते मागच्या बाजूनं घरातल्या पॅसेजमध्ये.

घरात स्टोअर मागितलं कुणी? तिनं नाही. राजपाल शाळेतला मास्तर. त्याला स्वतःचा चष्मा कुठं ठेवलाय हे माहीत नसायचं, त्याला स्टोअर कशाला? आबारावांचा सगळा संसार एका पाकिटात मावत होता. म्हणजे राहिली कोण? प्रीती. आणि प्रीती हल्ली रोज दुपारी तुळजापूरला आईशी अर्धा-अर्धा तास फोनवर बोलत होती, तेही दार लोटून.

विठाबाईनं संध्याकाळी मेथी निवडता निवडता विषय काढला.

"प्रीती, आई कशी हाय गं तुझी?"

"बरी हाय की. का?"

"न्हाय, करमतंय का तिला तिकडं?"

"न करमायला काय झालं? दोन भाऊ हायेत, दोन भावजया, पाच पोरं. करमायचं सोडा आई, बूड टेकायला जागा न्हाय तिथं."

विठाबाईनं हे मनात टिपून ठेवलं. बूड टेकायला जागा नाही. म्हणजे गरज आहे.

प्रीतीनं मेथीची जुडी खाली ठेवली. "आता मी एक विचारू? पेपरातला नकाशा मी बी बघितलाय. तुमची ज्वारीची कोठी आणायची म्हणून माझ्या कपाटाची जागा काढून घेतली, ते मला सांगून केलं असतं तर मी काय नको म्हणणार होते?"

"कुठली कोठी?"

"मग स्टोअर कुणाचंय?"

विठाबाईनं मेथी बाजूला सारली. मग नकाशे पुन्हा अंथरले गेले. प्रीतीची खोली बारा बाय दहाची होती, ती दहा बाय दहा झाली होती. वीस गेले. बैठक पंधरा बाय चौदाची, ती पंधरा बाय बारा. तिथले तीस. स्वयंपाकघराचे तीस. विठाबाईनं बोटांच्या पेरांवर बेरीज केली : तीस, वीस, तीस, ऐंशी. आठ दाहे ऐंशी. एक फूटही हवेत गेला नव्हता. तिघांच्या ताटातून काढून चौथं ताट वाढलेलं होतं.

"आन् ह्या कोपऱ्यात काय काढलंय?" विठाबाईनं बोट ठेवलं.

प्रीती वाकली. "मोरी हाय. नळ बी दिलाय. खिडकी बी हाय की ओ आई."

"ज्वारीच्या पोत्याला आंघोळ लागती व्हय?"

प्रीती हसली. विठाबाईही हसली, पण पुरती नाही. प्रीतीचेही वीस गेलेत हे खरं. तरी वीस देऊन ऐंशी मिळत असतील, तर सौदा काही वाईट नव्हता. पोरगी हुशार होती. हसत होती, हाही एक मुद्दाच होता. तिकडं प्रीतीनंही त्या रात्री राजपालला सांगितलं की कोठी नाही म्हणाल्या, पण जरा जास्तच पटकन म्हणाल्या.

असे आठ दिवस गेले. दोघी एकमेकींना चहा देत होत्या, आणि कपाकडं न बघता तोंडाकडं बघत होत्या.

रविवारी बशीर मिस्त्रीनं प्लॉटवर फक्की मारली. त्याची पद्धत अशी, की पाया खणायच्या आधी अख्खं घर पांढऱ्या फक्कीनं जमिनीवर आखायचं, दारांच्या जागी रेघ तोडायची, आणि घरच्या माणसांना त्यात चालवायचं. "कागदावर समदे राजे असतात," तो म्हणायचा. "फक्कीत चाललं की कळतंय कुणाचं ढोपर कुठं आदळतंय ते." या चालण्याचा नियम एकच : रेघ म्हणजे भिंत. भिंतीतून कुणी जायचं नाही.

राजपालनं पहिल्याच फेरीत नियम मोडला. बैठकीतून सरळ आपल्या खोलीत शिरला.

"ओ मास्तर!" बशीर ओरडला. "भिंतीतनं कुठं चाललाव? भूत हाय का तुमी? दार तिकडनं हाय."

राजपाल मुकाट माघारी फिरला आणि दारातून आला. मग पलंग बसतो का बघायला मातीत आडवा झाला. प्रीतीनं पावलांनी कपाट मोजलं; पलंग ठेवला तर कपाटाचं दार अर्धंच उघडत होतं. शेजारच्या प्लॉटवरचे हणमंतप्पा कुंपणाशी येऊन दिशांबद्दल काही सुचवू लागले. "आमच्यात तसलं काय नसतंय, अप्पा," राजपाल झोपल्या झोपल्याच म्हणाला, तेव्हा ते निघून गेले. विठाबाई आपल्या दहा बाय नऊमध्ये उभी होती. खिडकी होती, पण ओट्याशी उभं राहिलं की पाठ भिंतीला लागत होती, म्हणजे रेघेला.

एवढ्यात आबाराव चहाचा थर्मास घेऊन आले. बोळाच्या बाजूनं आले. स्टोअरच्या बाहेरच्या भिंतीपाशी थांबले. तिथं रेघ अखंड होती, बोटभर फट नव्हती. आबारावांनी रेघेबाहेर चपला काढल्या, उंबरा ओलांडावा तसा उजवा पाय उचलला, आणि भिंतीतून आत आले.

विठाबाईनं बशीरकडं पाहिलं. बशीर आभाळाकडं बघत होता.

"बशीरभाई," ती म्हणाली, "मास्तरला भिंत होती. साहेबाला न्हाय व्हय?"

"वैनी, फक्की संपली वाटतं. आणतो जरा." असं म्हणून बशीर मोटरसायकलीकडं निघाला. फक्कीची भरलेली गोणी त्याच्या पायापाशीच होती, ती त्याला ओलांडून जावी लागली.

आबाराव अजून तसेच उभे, अनवाणी, थर्मास छातीशी धरून.

"तिथं दार हाय?" विठाबाईनं विचारलं.

"कुठं?"

"जिथनं आलाव तिथं."

"न्हाय... म्हणजे नकाशात न्हाय अजून."

"मग चपला का काढल्या? पोत्यांच्या खोलीत कुणी चपला काढून जातंय व्हय? कोण ऱ्हाणारय हितं?"

आबारावांनी थर्मास खाली ठेवला, पुन्हा उचलला. "आक्का," ते म्हणाले.

आक्का म्हणजे सोजरबाई, आबारावांची थोरली बहीण. राहायला तेरला, एकटी. मालक कधीच गेलेले, मुलगा पुण्यात. सहा वर्षांपूर्वी, राजपालच्या लग्नात, विठाबाईनं आहेरात दिलेली साडी तिनं भर मांडवात उलटून बघितली आणि काढायचं राहून गेलेलं किमतीचं लेबल मोठ्यानं वाचून दाखवलं. तेव्हापासून दोघींचा एक शब्द झाला नव्हता.

"मागल्या महिन्यात न्हाणीत पडली ती," आबाराव म्हणाले. "दोन तास कुणाला पत्ता न्हाय. शेजारीण ताक मागायला आली म्हणून कळलं."

"मला का सांगितलं न्हाय?"

"तू काय म्हणली असतीस?"

"ते म्या म्हणल्यावर कळलं असतं की."

पण विठाबाईला आतून ठाऊक होतं ती काय म्हणाली असती, आणि तेच आबारावांनाही ठाऊक होतं. तिला जास्त डाचलं ते दुसरंच. आठ दिवस ती सुनेच्या तोंडाचा रंग बघत होती, आणि तीस फूट उचलणारा माणूस रात्री शेजारी घोरत होता. प्रीतीकडं बघायची सोय राहिली नव्हती. प्रीती मात्र तिच्याकडंच बघत होती, आणि आता ती पुरतं हसत होती.

विठाबाई आपल्या स्वयंपाकघरात बसली, म्हणजे मातीत. "बशीरभाईला बोलवा. बोळातलं दार व्हायचं न्हाय. बोळातनं दार भाडेकऱ्याला असतंय. उद्या समदं कळंब म्हणंल, विठाबाईनं नणंदेला बोळात टाकली. ते पॅसेजातलं दार बी नको. दार माझ्या स्वयंपाकघरातनं. आन् माझे तीन फूट मला परत."

आबारावांच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी राहिलं. बायकोचं मन इतकं मोठं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. प्रीतीला मात्र दिसत होतं, की सोजरबाईंकडं येणारा प्रत्येक भाचा, प्रत्येक पिशवी आणि पिशवीतली प्रत्येक वस्तू आता विठाबाईच्या ओट्यापुढून जाणार होती.

"लाव फोन," विठाबाई सुनेला म्हणाली. "मोठ्यानं ठेव."

फोन लागला.

"आक्का, म्या विठा बोलतेय."

पलीकडून सोजरबाईंचा आवाज आला, "कोण गेलं?"

"कुणी न्हाय गेलं. समदे हायेत."

"मग फोन कशाला केलास?"

"तुमच्यासाठी खोली काढतोय नव्या घरात."

"आबानं सांगितलंय मला. बोळातनं दार हाय ना?"

"न्हाय. माझ्या स्वयंपाकघरातनं."

"मग म्या न्हाय येत." आवाज एकदम ठणठणीत झाला. दोन तास न्हाणीत पडलेल्या बाईचा वाटेना. "म्या कवा उठते, किती भाकरी खाते, कोण मला भेटायला येतंय, ह्याच्यावर तू दारात बसून नजर ठेवणार. वळखत न्हाय व्हय तुला?"

"आन् तुमी बोळातनं एकेकीला आत घेऊन माझ्या चुगल्या सांगणार, ते म्या वळखत न्हाय व्हय?"

"सांगणारच की. खोटं थोडंच सांगणार हाय?"

प्रीतीनं पदर तोंडाला लावला. राजपाल मातीतून उठून बसला. त्यांच्या घरात सहा वर्षांत एवढं मोकळं बोलणं झालं नव्हतं.

"दोन दारं करा," तो म्हणाला. "एक आत, एक बाहेर."

"मधल्या दाराची कडी माझ्या बाजूनं पायजे," फोनमधून सोजरबाई.

"माझ्या बी बाजूनं पायजे," विठाबाई.

"लाव. तुला कोण नको म्हणतंय?"

"मग कवा येताव?"

"आधी बांधा तर. भिंती उभ्या ऱ्हायल्यावर येऊन बघते. आबाच्या मापावर माझा भरवसा न्हाय."

फोन बंद झाला. बशीर न आणलेली फक्की घेऊन परत आला होता. त्यानं पायानं जुनी रेघ पुसली आणि स्वयंपाकघराची भिंत तीन फूट सरकवली. सरकवायला जागा एकाच बाजूला होती, बैठकीच्या.

"अरे, बैठकीत सोफा बसायचाय," आबाराव म्हणाले.

"साहेब, आता नऊ फुटांत सोफा टाकला तर पाव्हण्याला पाय न्हाणीत ठेवावं लागतील. खुर्च्या घ्या. घडीच्या."

"आन् माझे वीस?" प्रीतीनं विचारलं.

"ते मागनं बघू," विठाबाई म्हणाली. प्रीतीनं ते वाक्य ऐकलं, आणि आपले वीस गेले हे समजून कपाट पुन्हा पावलांनी मोजायला गेली.

दुपारी पाया खणायला सुरुवात झाली तेव्हा जमलेला हिशेब असा. सोजरबाईंची खोली ऐंशी फूट, मोरी, खिडकी आणि दोन दारांसकट. त्यात सोजरबाईंचा वाटा शून्य. साठ फूट आबारावांच्या बैठकीनं दिले, वीस प्रीतीच्या कपाटानं. विठाबाईच्या एकशेवीसातला एकही गेला नाही. भांड्यांच्या मांडणीसाठी तिनं मनात धरलेली अडीच फूट भिंत मधल्या दाराला गेली तेवढीच, आणि तीही तिनं आबारावांच्याच नावावर धरली.